१९७२ ची एमजीबी: स्थिर वेगात झटके, चढावर मात्र सुरळीत

थेम्सकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंजिनाच्या दुखण्यावर सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितो, कारण लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर, आत साधे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क). मी रेडिंगला असतो. ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून तासाभराच्या आत आहे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही घरपोच मिळतात. कुठला भाग मागवायचा, तेवढंच कळत नाहीये.

लक्षणं अशी. थंड इंजिन चोकवर छान चालतं. गरम झालं की स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) हलायला लागतं, गिअरचा दांडा हाताखाली थरथरतो, सायलेन्सरमधून मधूनच मऊसा ‘फट्’ आवाज येतो. हे एक. दुसरं जास्त त्रासाचं आहे: ताशी पन्नास मैलांवर पाय हलका ठेवून चाललो की गाडी झटके मारते, कुणी मागून शर्ट ओढून सोडून द्यावा तसे. पण चढ लागला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके गायब, गाडी सरळ खेचते. वर पोचून पाय सैल केला की परत सुरू.

प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवीन आहेत. पेट्रोल ई५ वालं (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) सुपर. जवळच्या एका गॅरेजचं म्हणणं आहे की दोन्ही एसयू काढून वेबर कंपनीचा एकच कार्बोरेटर लावा, कटकट मिटेल. मला ते पटत नाही. पन्नास वर्षं ज्या कार्बोरेटरवर गाडी चालली, ते आजच का वाईट ठरावेत?

घाटवाट

वाचतोय. माझा पहिला संशय पेट्रोलवर. पंप कमजोर झाला असेल किंवा टाकीतला गंज फिल्टरमध्ये अडकला असेल. माझ्या जुन्या जिप्सीला असेच झटके यायचे, फिल्टर बदलला आणि थांबले. गाडीचा फोटो टाका ना, रंग कुठला?

थेम्सकाठी

रंग लाल, फोटो उजेड असताना काढून टाकतो. पंप मागे उजव्या चाकाजवळ आहे, एसयूचाच. चावी फिरवली की टकटक करतो आणि फ्लोट चेंबर भरले की थांबतो. फिल्टर काचेचा आहे, स्वच्छ दिसतोय.

फिटरकाका

घाटवाट, पेट्रोल कमी पडत असतं तर नेमकं उलटं झालं असतं. चढावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल ओढतं. तिथे गाडी सुरळीत खेचते, म्हणजे टाकीपासून जेटपर्यंतची वाट मोकळी आहे. शिवाय पंप वेळेवर थांबतोय, म्हणजे फ्लोटची सुईही बसतेय. पंप सोडून द्या.

मी कोल्हापुरात उभं आयुष्य ॲम्बेसेडर केल्या. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. फायरिंग ऑर्डर तीच, १-३-४-२. टॅपेटची रचना तीच. कार्बोरेटर पण एसयू, फक्त आमच्याकडे एक आणि तुमच्याकडे दोन. त्यामुळे तुमची गाडी मी पाहिली नसली तरी तिच्या इंजिनाशी माझी जुनी ओळख आहे.

आता क्रम सांगतो, तो मोडू नका. आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट, मग करंट, आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. इंजिन आतून ठीक नसेल तर ट्यूनिंग बसणारच नाही, आणि करंट नीट नसेल तर कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून तुम्ही चांगली गोष्ट बिघडवाल. माझ्याकडे कार्बोरेटर खराब म्हणून ज्या गाड्या आल्या, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं डिस्ट्रिब्युटरमध्ये निघालं.

कॉम्प्रेशन घेताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते बघा. २ आणि ३ दोन्ही शेजारी पडलेले निघाले तर हेड गॅस्केट मधे फुटलंय. एकच पडला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधला) गॅप थंड इंजिनावर, १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, ०.३८ मिलिमीटर. नऊचा हिशेब ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचा गॅप घ्यायचा, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचा. दोघांची बेरीज नऊ. आणि टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होऊ नका. वाजणाऱ्यापेक्षा घट्ट बसलेला टॅपेट वाईट, तो गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

प्लग काढाल तेव्हा जोड्यांनी बघा. या हेडला इनटेकची तोंडं चार नाहीत, दोनच आहेत. १-२ ला मिळून एक, ३-४ ला मिळून एक. पुढचा कार्बोरेटर पहिल्या जोडीला, मागचा दुसऱ्या जोडीला. जोडीच्या जोडी काळी किंवा पांढरी असेल तर कार्बोरेटर किंवा हवा. एकच प्लग वेगळा दिसला तर वायर, कॅप किंवा व्हॉल्व्ह.

आणि एक विचारतो, स्टार्टर मारताना चोकची केबल गरम होते का?

रेवा_मिशिगन

काकांच्या क्रमाला पूर्ण अनुमोदन. चोकच्या केबलचा प्रश्न नव्या लोकांना कोड्यात पाडेल म्हणून सांगते. इंजिन रबराच्या मांडणीवर असतं, म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थची जाड पट्टी लागते. ती गंजली की स्टार्टरचा करंट परतायला दुसरी वाट शोधतो, आणि चोक किंवा ॲक्सिलरेटरची केबल तापते. केबल जळलेल्या गाड्याही पाहिल्या आहेत.

माझा एक प्रश्न. झटका येतो त्या क्षणी रेव्ह काउंटरचा काटा काय करतो? १९७२ च्या एमजीबीत तो विजेवर चालतो, कॉइलच्या प्रायमरी सर्किटमधले ठोके मोजतो. गाडीचा वेग झटक्यात एकदम शून्यावर येत नाही, त्यामुळे काटाही स्थिर राहायला हवा. तो जर खाली कोसळत असेल तर पॉइंटपर्यंतचा करंटच तुटतोय. काटा स्थिर आणि तरी झटका, तर गडबड हाय टेन्शनच्या (कॉइलपासून प्लगपर्यंतच्या) बाजूला किंवा पेट्रोलमध्ये. फुकटची तपासणी आहे. फक्त स्वतः गाडी चालवताना काट्याकडे टक लावू नका, शेजारी कुणाला तरी बसवा.

झटपट_गॅरेज

एवढा खटाटोप कशाला? पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल मिळतं, अर्ध्या तासात बसतं. मी माझ्या दोन्ही जुन्या गाड्यांना बसवलंय. आजकाल कंडेन्सर इतके फालतू येतात की नवा टाकला तरी आठवड्यात जातो.

फिटरकाका

कंडेन्सरचं तुमचं खरं आहे. जुना चांगला चालत असेल तर नवा दिसला म्हणून बदलू नये. मॉड्यूलशीही माझं वैर नाही. पण मॉड्यूल बसतं कुठे? त्याच डिस्ट्रिब्युटरच्या त्याच हलत्या प्लेटवर. प्लेटचा अर्थ खराब असेल तर मॉड्यूललाही तोच त्रास. आधी रोग सापडू दे, मग काय लावायचं ते लावा. नाहीतर जुन्या बिघाडावर नवा भाग बसतो आणि पुढचा माणूस डोकं धरून बसतो.

थेम्सकाठी

काका, रेवाताई, सांगितल्या क्रमाने केलं. निकाल देतो.

कॉम्प्रेशन १६५, १६०, १६०, १६५ पीएसआय. टॅपेट बहुतेक ठीक, पण तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, म्हणजे पाचवा व्हॉल्व्ह, १० थाऊवर आला होता. चौथा दाबलेला ठेवून १५ वर आणला. प्लग: १ आणि २ काळे, कोरडी काजळी. ३ आणि ४ फिके, जवळजवळ पांढरे. चोकची केबल गरम होत नाही, तरी गिअरबॉक्सजवळची अर्थची पट्टी काढली, दोन्ही टोकं घासून परत आवळली.

काट्याची गोष्ट सांगायला हवी. बायको शेजारी बसली होती. झटका आला की काटा थरथरतो, आणि मोठा झटका असेल तर ३००० वरून पार खाली जाऊन परत येतो. तिने काट्याकडे बघत ‘आता, आता’ म्हणायला सुरुवात केली, तिचा आवाज आणि गाडीचा झटका एकाच क्षणी.

रेवा_मिशिगन

मग तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत.

प्लगच्या जोड्या सांगतात की मागच्या बाजूला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, पुढे जाड. तो स्लोचा प्रश्न, त्याकडे नंतर वळू. हायवेचा झटका प्रायमरी सर्किटचा आहे. आता विचार करा: हलक्या पायावर आहे, पूर्ण थ्रॉटलला नाही. या दोन स्थितींत डिस्ट्रिब्युटरच्या आत काय बदलतं?

व्हॅक्युम ॲडव्हान्स, म्हणजे इंजिनाच्या खेचीवर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा. तुमच्या मॉडेलमध्ये त्याची नळी कार्बोरेटरवरून येते. स्लोला थ्रॉटलची चकती बंद असते तेव्हा तिथे खेच जवळजवळ नसते. थोडा थ्रॉटल उघडला की खेच भरपूर, आणि डायफ्राम पॉइंटची अख्खी प्लेट फिरवतो. पूर्ण थ्रॉटलला खेच पडते, प्लेट स्प्रिंगने जागेवर येते. तुमचा झटका नेमका प्लेट फिरलेली असतानाच येतोय.

नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढा, कार्बोरेटरकडचं तोंड बुचाने बंद करा, आणि त्याच रस्त्यावर तशीच चालवा. पेट्रोल थोडं जास्त जाईल, बाकी काही बिघडणार नाही.

थेम्सकाठी

झटके बंद. पूर्ण बंद! हायवेला जाऊन आलो, पाय हलका ठेवून, मुद्दाम पन्नासवर धरून. काटा जागचा हलला नाही.

फिटरकाका

शाब्बास रेवाताई. मी हेच सांगणार होतो, तुम्ही जास्त चांगलं समजावलंत.

आता कॅप काढा, रोटर काढा. आत दोन बारीक वायरी दिसतील. एक बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटकडे जाणारी, दुसरी प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडणारी अर्थ. प्लेट जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा या वायरी वाकतात. आतल्या तारा तुटतात, वरचं आवरण तसंच राहतं. डोळ्यांनी बघून कळणार नाही. मीटर लावा, एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या स्प्रिंगला. मग व्हॅक्युमची नळी तोंडात धरून हवा ओढा, प्लेट फिरेल. मीटरकडे बघा. अर्थच्या वायरचंही तसंच करा, एक टोक प्लेटला, दुसरं बॉडीला.

हात लावलाच आहे तर रोटरही तपासून घ्या. हल्ली बाजारात येणाऱ्या काही रोटरचा रिव्हेट इतका खाली उतरलेला असतो की करंट प्लॅस्टिक फोडून शाफ्टला जातो. कॉइलची मोठी वायर रोटरच्या पितळी माथ्यापासून तीन मिलिमीटरवर धरा, पकड इन्सुलेशनची हवी, चावी चालू ठेवून पॉइंट हाताने उघडा. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटर फुटलाय. नाही उडाली तर तो चांगला.

थेम्सकाठी

सापडलं.

मीटर सुरुवातीला व्यवस्थित वाजत होता. नळी ओढायला लागलो, प्लेट सरकली, अर्ध्यावर जाताच आवाज तुटला. नळी सोडली, परत वाजला. जितक्या वेळा ओढली तितक्या वेळा तेच. पॉइंटकडे जाणारी वायर बाहेर काढली. वरचं कापडी आवरण तेलाने काळं झालेलं, पण अखंड. टर्मिनलपासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर ती दोन बोटांत धरली तर तिथे नुसतीच मऊ लागते, आत तार असल्याचा कडकपणा नाही. ब्लेडने कापड चिरलं. तांब्याच्या बारीक तारा जवळपास सगळ्या तुटलेल्या, टोकं हिरवट, आणि दोन-तीन तारा एकमेकींना टेकून अख्खं इंजिन चालवत होत्या. प्लेट फिरली की त्याही सुटायच्या.

अर्थची वायर मीटरवर ठीक आली. रोटरवर ठिणगी उडाली नाही, तोही चांगला.

आता वायर कुठली घालू? घरात गाडीच्या वायरिंगची वायर आहे, पण ती कडक वाटते.

फिटरकाका

कडक वायर अजिबात नको, महिन्यात परत तुटेल. तयार वायर मिळत असेल तर उत्तम. नाहीतर मीटरच्या चांगल्या प्रोबची सिलिकॉनची वायर घ्या, तिच्यात केसासारख्या पुष्कळ तारा असतात आणि ती उष्णता सोसते. लांबी अशी ठेवा की प्लेट पूर्ण फिरली तरी ताण येऊ नये, आणि सैल वेढा रोटरला किंवा बॉडीला घासू नये. टोकांना डाग देताना शिसं वायरीत वर चढू देऊ नका. जिथे शिसं संपतं तिथेच वायर मोडते. अर्थची वायर आज ठीक असली तरी वय तिचंही तेवढंच आहे, दोन्ही एकदमच बदला.

परत बसवताना पॉइंटचा गॅप १५ थाऊ. ड्वेल मीटर (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन मोजणारा) असेल तर ६० अंशांच्या आसपास. रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब तेल, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवा, पण पॉइंटच्या तोंडावर ग्रीस जाता कामा नये. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग बघा, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग सरकतं.

मांडवीकिनारी

धागा आवडला. गोव्यात माझ्याकडे एक जुनी फियाट आहे, तिच्यासाठी विचारते. इथे आता ई२० पेट्रोल आहे. जुन्या गाडीचा असा खडबडीतपणा पेट्रोलमुळे येऊ शकतो का?

रेवा_मिशिगन

येऊ शकतो, दोन वाटांनी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच जेटमधून गेलेलं मिश्रण जरा पातळ पडतं. ज्या इंजिनाचं ट्यूनिंग आधीच पातळाकडे झुकलेलं असतं ते स्लोला हलायला लागतं. तेवढं मिश्रण किंचित जाड करून सुधारतं. दुसरी वाट जास्त काळजीची. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मग कडक होऊन आतून सुटतं. त्याचा काळा भुगा फ्लोटच्या सुईखाली अडकतो, सुई बसत नाही, पेट्रोल ओसंडतं. तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलं तर आग लागू शकते. पेट्रोलचे सगळे पाइप बदलून घ्या, आर९ दर्जाचा पाइप मागा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं तेव्हापासून तिथले जुन्या गाड्यांचे लोक हाच वापरतात. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका, इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं.

मांडवीकिनारी

आभारी आहे. पाइप बाहेरून ठीक दिसतायत, पण आता आतून बघते.

थेम्सकाठी

दोन्ही वायरी बदलल्या. टायमिंग लावलं. व्हॅक्युमची नळी जागेवर बसवली. हायवेचे झटके गेले, आणि हलक्या पायावर इंजिन आता इतकं मोकळं चालतं की ओव्हरड्राइव्ह लावून मैलोन् मैल नुसतं जावंसं वाटतं. ही गाडी घेतल्यापासून तिचं हे रूप मी पाहिलंच नव्हतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्लोचं हलणं मात्र तसंच आहे. आता मागच्या जोडीकडे वळू का?

रेवा_मिशिगन

वळा. ३-४ फिके, म्हणजे मागच्या बाजूने कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. पुढची जोडी काळी आहे कारण आधी कुणीतरी स्लो टिकावा म्हणून पुढचा कार्बोरेटर जाड करून ठेवलाय. दोन्ही इनटेकना जोडणारी आडवी नळी मॅनिफोल्डमध्ये असते, त्यामुळे एका बाजूची गळती दुसऱ्या बाजूला थोडी सावरली जाते आणि बिघाड पुसट होतो.

गळती शोधताना पुष्कळ लोक कार्बोरेटर क्लीनर फवारतात. या इंजिनावर कृपया ते करू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाखाली एक आहेत. पेटणारा फवारा थेट तापलेल्या एक्झॉस्टवर जातो. साध्या पाण्याचा बारीक फवारा वापरा. भेगेवर पाणी गेलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. मॅनिफोल्ड हेडला मिळतो तिथे, कार्बोरेटरच्या गॅस्केटवर आणि थ्रॉटलच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना, असा एकेका जागी थांबून मारा.

इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही स्टडवर एकाच जाड वॉशरखाली आवळलेले असतात. दोघांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, नट घट्ट लागतो आणि एक बाजू सैलच राहते. तेही पाहून घ्या.

थेम्सकाठी

मॅनिफोल्डला काही नाही, वॉशर सपाट बसलेत. मागच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या दांड्यावर पाणी मारलं आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. दांडा बोटांनी वर-खाली केला तर स्पष्ट हलतो. पुढच्याचा जेमतेम हलतो.

फिटरकाका

दांडा पितळी, बॉडी ॲल्युमिनियमची. वर्षानुवर्षं स्प्रिंग एकाच बाजूला ओढते, भोक लांबट होतं. नुसता नवा दांडा घालून उपयोग नाही. दोन्ही बॉडी देऊन भोकं मोठी करून बुश मारून घ्या, एकाला करताय तर दोघांनाही करा. हे काम खराद असलेल्या माणसाचं, घरी ड्रिलने करायला जाऊ नका. दोन्ही भोकं एका रेषेत आली नाहीत तर थ्रॉटल अडकेल, आणि रस्त्यात थ्रॉटल अडकणं म्हणजे जिवाशी गाठ.

थेम्सकाठी

काम एका खास एसयूवाल्याकडून करून आणलं. दोन्ही बॉडीला बुश, नवे दांडे, नव्या चकत्या. बसवले आहेत. आता ट्यूनिंग कुठून सुरू करू? पुस्तकात एक आहे, माणसं वेगळं सांगतात.

रेवा_मिशिगन

आधी हवा, मग पेट्रोल. इंजिन चांगलं गरम होऊ दे. दोन्ही कार्बोरेटर जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे दोघं स्वतंत्र होतील. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे एकाच जागी. सूं आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा.

मग मिश्रण. पुढचा आणि मागचा जेटचा नट एकाच पायरीवरून सुरू करा: पूर्ण वर, मग दोन आटे खाली. कार्बोरेटरचा पिस्टन उचलायची पिन हलकेच दाबा, पिस्टन मिलिमीटरभरच उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड. इंजिन लगेच बसायला लागलं तर पातळ. वेग क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. नट एका वेळी एक पैलू फिरवा, त्यापेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी थोडा रेस देऊन इंजिनाला मोकळं होऊ द्या. पुढचा बदलला की मागचा परत तपासा, मधल्या नळीमुळे एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

कार्बोरेटरच्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचं तेल आहे ना? तिथे फार पातळ तेल असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि तो दोष लोक जेटवर ढकलतात.

थेम्सकाठी

आज दुपार त्यात गेली आणि प्रत्येक मिनिट आवडलं. नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा आवाज ऐकला तेव्हा फरक इतका ठळक होता की मीटरची गरजच वाटली नाही. पिनची खूण समजायला जरा वेळ लागला. कान एकदा सरावला की पैलूभर फरकही कळतो. मागचा नट वर घ्यावा लागला, पुढचा त्याहून जास्त. शेवटी दोन्हीकडे पिन उचलली की इंजिन किंचित चढून परत बसतं.

स्लो ८०० वर स्थिर. गिअरचा दांडा थरथरत नाही. लांब फेरी मारून इंजिन बंद करून प्लग काढले, चारही बिस्किटी रंगाचे. पाचव्या व्हॉल्व्हचा टॅपेट परत तपासला, १५ वरच आहे.

वेबर घेतला असता तर झटके तसेच राहिले असते, कारण ती वायर तिथेच राहिली असती. काका, रेवाताई, तुम्ही दोघांनी मन लावून वेळ दिलात. मनापासून आभार.

फिटरकाका

पाचव्या व्हॉल्व्हवर लक्ष ठेवा. ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलवर वाढलेली. तुमच्याकडे ते २००० सालापासून पंपावर बंद आहे. जुन्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्टची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप कमी होतो. एकदा सेट केल्यावर तो परत परत घट्ट व्हायला लागला तर हेड काढून कडक सीट बसवून घ्या. जागच्या जागी राहिला तर काही करायचं नाही.

सातारकर

काका, माझ्या वडिलांची ॲम्बेसेडर आहे, पेट्रोल. तिला पण हायवेला असेच झटके. हा धागा वाचून नळी काढून चालवली, काही फरक नाही. गरम झाल्यावरच येतात, चढावर पण येतात. कॉइल हाताला लागत नाही इतकी तापते.

फिटरकाका

मग तुमचं दुखणं वेगळं. नळी काढूनही फरक नाही, म्हणजे प्लेटच्या वायरीवर संशय नाही. कॉइल नवीन टाकली होती का? थंड असताना तिच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये मीटर लावून ओहम सांगा, वायरी सोडवून.

सातारकर

मागच्या वर्षी टाकली. दीड ओहम येतोय.

फिटरकाका

तीच अडचण. ही रेझिस्टन्स लावून चालवायची कॉइल आहे. तुमच्या गाडीत वाटेत रेझिस्टन्स नसेल तर दुप्पट करंट जातो, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. तीन ओहमची साधी कॉइल टाका. पॉइंट काढून तोंडं बघा, निळसर जळालेली असतील तर तेही बदला, आणि कंडेन्सर जुनाच ठेवून आधी चालवून बघा.

सातारकर

पॉइंट निळेच आहेत. उद्या कॉइल आणतो.